हळूकाकांचा आवाज

हळूकाकांना आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. तळ्यावर येणारे पक्षीवाले, शाळांच्या सहली, सहलींबरोबर नाइलाजानं आलेले मास्तर, सगळे त्यांना हळूकाकाच म्हणत. कारण माणूस फाटकातून आत शिरला की त्याच्या कानावर पडणारा पहिला शब्द तोच असे, "हळू." परत जातानाही बहुतेकांना तेवढंच आठवत असे, कारण पक्षी काही सगळ्यांनाच दिसत नसत.

सरकारी भाषेत ते तळं नव्हतं, राखीव पाणथळ क्षेत्र होतं. हळूकाका तिथं राखणदार म्हणून लागले तेव्हा शहर इतकं लांब होतं की बसचा कंडक्टर त्यांना दर वेळी विचारी, नक्की इथंच उतरायचंय ना? इथं म्हणजे एक बांध, बांधापलीकडे डोक्यावर गेलेलं पाणकणीस आणि त्याच्याही पलीकडे पाणी. बांधाच्या अलीकडे चौकी, चौकीच्या मागे राखणदाराच्या दोन खोल्या. त्या खोल्यांतून पाणी दिसत नसे. पण तळं ऐकू यायचं, आणि असं ऐकू यायचं की पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या कोण कोण उतरलंय ते कळावं. शीळ घालत जाणारी बदकं, शेपटीवर कोणीतरी पाय दिल्यासारखी किंचाळणारी टिटवी, दिवसभर एकमेकींची उणीदुणी काढणाऱ्या पाणकोंबड्या. आणि पावसाळ्यात बेडूक. बेडकांबद्दल हळूकाका कधी वाईट बोलले नाहीत, पण पाहुणे मुक्कामाला आले की दुसऱ्या दिवशी त्यांना अचानक घरची कामं आठवत.

तळ्यावरचे पहिले साहेब पक्ष्यांवर जीव टाकणारे होते. माणसांबद्दल त्यांचं मत बेताचंच होतं. त्यांनी हुकूम काढला की विणीच्या हंगामात पाऊलवाटेवर कोणीही मोठ्यानं बोलू नये. हुकूम साधा होता. हंगामापुरता, वाटेपुरता, आणि पाहुण्यांसाठी. हळूकाकांनी तो स्वतःला लावून घेतला, मग बारा महिने पाळायला घेतला आणि शेवटी घरी घेऊन गेले. कारण घर तरी कुठं लांब होतं? बांधाच्या अलीकडे माणूस खोकला तर बांधाच्या पलीकडची पाणकोंबडी अंडी सोडून उठते, असं त्यांचं म्हणणं. सांगितल्यापेक्षा जास्त पाळणारा नोकर सरकारला क्वचितच मिळतो, त्यामुळे त्यांना कोणी अडवलं नाही.

काकू लग्न होऊन त्या दोन खोल्यांत आल्या तेव्हा हा सगळा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. त्यांचं माहेर पिठाच्या गिरणीला भिंत लावून होतं. त्या घरात मीठ मागायचं तरी बोंब मारावी लागे. त्यांना आधी वाटलं, नवऱ्याला घशाचं काहीतरी दुखणं आहे आणि ते आपल्यापासून लपवलंय. मग वाटलं, माणूस लाजरा आहे. मग वाटलं, काहीतरी लफडं आहे. शेवटी खरं कारण कळलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढंच ना," आणि कामाला लागल्या.

काकूंनी एकदा मनावर घेतलं की ते घेतलंच. दाराच्या चौकटीला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे दार आपटणार नाही. बिजागऱ्यांना तेल. पातेल्यांखाली फडकी. कुकर तर शिट्टी व्हायच्या बेतात आला की त्या बरोबर उतरवत. त्या घरच्या कुकरची शिट्टी पाणकोंबड्यांनीच काय, कुकरनं स्वतःही कधी ऐकली नाही. मुलगा झाला तेव्हा तेवढ्यापुरती सूट होती, कारण त्याला हुकूम वाचून दाखवूनही उपयोग नव्हता. पुढं तो शाळेत जायला लागल्यावर मास्तरांचा निरोप आला की मुलगा हुशार आहे, ओठ हलवतो, पण आवाज बाहेर येत नाही. हाच मुलगा मोठा होऊन लाउडस्पीकर विकायला लागला. माणूस कशाचा सूड कसा घेईल ते सांगता येत नाही.

नवराबायको म्हटल्यावर भांडणंही व्हायचीच. ती कुजबुजत व्हायची. कुजबुजत भांडायचं तर समोरासमोर बसावं लागतं, तोंडाकडे बघावं लागतं, आणि उजेड लागतो. पाठ फिरवून टोमणा मारता येत नाही, दुसऱ्या खोलीतून तर नाहीच. त्यामुळे त्यांची भांडणं लवकर आटपत. वर्षानुवर्षं हा सराव झाल्यावर काकूंना हळूकाकांचे ओठ हलायच्या आतच अर्धं वाक्य कळू लागलं. हळूकाका संध्याकाळी फाटक लावून येत, चपला हातात घेऊन आत शिरत, पाटावर बसत आणि दिवसभराचं सांगत. आज बदकांचा मोठा थवा उतरला. आज खंड्यानं बेडूक गिळला, अर्धा बाहेरच राहिला. काकू भाकऱ्या थापायच्या थांबून त्यांच्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, "हो का. बरं झालं."

मग शहर आलं. एकदम नाही, हळूच. त्याबाबतीत ते हळूकाकांचं ऐकत होतं म्हणा ना. आधी बसच्या फेऱ्या वाढल्या, कंडक्टरनं विचारणं बंद केलं. मग बांधाच्या बाजूनं रस्ता गेला, रस्त्याच्या बाजूनं इमारती आल्या, आणि ज्या इमारतींनी तळ्याकडे येणारा वारा अडवला त्यांनीच तळ्याची नावं घेतली. हळूकाका निवृत्त झाले त्या सुमाराला मुलानं तशाच एका इमारतीत वरच्या मजल्यावर घर घेतलं. राखणदाराच्या खोल्या पाडल्या. काकूंच्या स्वयंपाकघराच्या जागी आता पाहुण्यांसाठी प्रसाधनगृह आहे, आणि तिकडे जाण्याचा बाण लांबूनही दिसतो.

नव्या घरात सगळं होतं. फक्त घर बोलत होतं. फ्रीज गुणगुणायचा, लिफ्ट मजला सांगायची, धुण्याचं यंत्र काम संपलं की गाणं म्हणायचं, आणि सूनबाई एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलायची, जसं जगात सगळीकडे बोलतात.

"आई, चहा टाकू का?" ती स्वयंपाकघरातून विचारी. आईकडून उत्तर नाही. ती दोनदा विचारी, तिसऱ्यांदा विचारत नसे, कारण ती मानी होती. आठवडाभरात घरात ठरलं की आई रागावल्या आहेत. का रागावल्या असतील, याची कारणं तिनं आणि मुलानं बसून काढली. ती भरपूर निघाली. बसून काढली तर कोणत्याही घरात निघतात. शेवटी मुलानं वडिलांना मध्यस्थ म्हणून पाठवलं. हळूकाका काकूंच्या समोर जाऊन बसले आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे बिनआवाजात, विचारलं की काय झालंय. काकू म्हणाल्या, काय व्हायचंय? हळूकाकांनी बाहेर येऊन तसं सांगितलं. सूनबाई म्हणाली, "म्हणजे तुमच्याशी बोलतात. माझ्याशीच अबोला आहे."

याचा उलगडा दारात झाला. एका दुपारी काकू घरात एकट्या होत्या, आणि मुलगा किल्ली विसरून आला. त्यानं घंटी वाजवली, दार ठोठावलं, आईला हाका मारल्या. शेजारी जमले. एकानं कुलूपवाल्याला फोन केला, एकानं डॉक्टरला. कुलूपवाला आधी आला. दार उघडून सगळे आत घुसले, तर काकू खिडकीत खुर्ची टाकून, दाराकडे पाठ करून तळ्याकडे बघत शेंगा सोलत बसल्या होत्या. एवढी गर्दी बघून त्यांनी पदराला हात पुसले आणि विचारलं, "काय झालं? कोण गेलं?"

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे काकूंना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले, हातात एक बटण दिलं आणि सांगितलं की आवाज आला की दाबा. काकू बटण सांभाळून धरून, पाहुण्यांकडे बसल्यासारख्या, हसऱ्या चेहऱ्यानं बसून राहिल्या. दाबलं मात्र नाही. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे आजकालचं नाही, कितीतरी वर्षांचं आहे. घरात यांच्याशी सगळ्यात जास्त कोण बोलतं? हळूकाकांनी उत्तर दिलं. बाई म्हणाल्या, जरा मोठ्यानं बोला, मला ऐकू आलं नाही. हळूकाकांनी पुन्हा सांगितलं. बाई पुढं वाकल्या.

"मीच बोलतो, म्हणतायत ते," काकू म्हणाल्या. "रोज संध्याकाळी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

घरी येताना गाडी मुलगा चालवत होता. लाउडस्पीकरच्या धंद्यात राहून आपल्याला आईचे कान कळले नाहीत, हे त्याला लागलं होतं. एका सिग्नलला त्यानं मागं वळून विचारलं, "बाबा, तुम्हाला एकदाही शंका आली नाही?" हळूकाकांनी मान हलवली. कशी यावी? ज्या घरात कोणी ऐकू येईल असं बोलतच नाही, त्या घरात कोणाला ऐकू येत नाही हे कसं कळावं? पण उत्तर बरोबर असलं म्हणजे त्यानं बरं वाटतंच असं नाही. पाण्यातला मासा वळला तरी ज्यांचे कान टवकारत, त्यांना शेजारच्या पाटावरची गोष्ट ऐकू आली नव्हती.

खरा धक्का मात्र संध्याकाळी गॅलरीत बसला. सूर्य तळ्यापलीकडे उतरत होता. इतक्या वरून तळं एखाद्या सांडलेल्या ताटासारखं दिसे आणि त्यात पांढरे ठिपके. काकू बराच वेळ ठिपक्यांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझेच कान होते."

"काय?" हळूकाकांनी ओठांनी विचारलं.

"मला वाटलं, पक्षी गेले."

हळूकाकांना काही कळेना. काकूंनी सावकाश सांगितलं. त्यांना वाटलं होतं, तळं हळूहळू रिकामं होतंय. आधी ती शिळेची बदकं गेली. मग टिटवी. मग पाणकोंबड्यांची भांडणं मिटली. बेडूक सर्वांत शेवटी गेले. तळं तर घरातून दिसत नव्हतंच. दुपारी कधी बांधावर गेलं तर पाणकणसात दोन बगळे उभे दिसत, पण बगळ्यांवरून काय ठरवायचं, ते मुळात बोलतच नाहीत.

"आणि मी रोज सांगायचो ते?"

"तुम्ही सांगायचात की थवा उतरला. मी म्हणायचे, बिचारे मनाची समजूत घालतायत. नोकरी आहे, जाऊन बसावं लागतं. म्हटलं, मी कशाला बोलून दाखवू, गेले म्हणून?"

साहेब बदलले, पक्षीवाल्यांची पिढी बदलली, कोणी हळूकाकांना शाल दिली, कोणी घड्याळ दिलं. पण संध्याकाळी पाटावर बसून ज्या एका माणसाला ते सगळं सांगत होते, त्या माणसाच्या हिशेबी त्यांनी आयुष्यभर रिकामं डबकं राखलं होतं. आणि तिनं ते चालवून घेतलं होतं. "हो का, बरं झालं" म्हणत.

आठवड्यानं कानाची यंत्रं आली. शेंगदाण्याएवढी, दोन. मुलगा लगेच लावून चालू करायला निघाला, त्याला आईला त्याचा नवा स्पीकर ऐकवायचा होता. काकूंनी यंत्रं कानात घालून घेतली पण चालू करू दिली नाहीत. पहिल्यांदा तळ्यावर, म्हणाल्या. जुन्या लपणात बसून. खरं काय ते तिथंच कळेल.

पाणकणसात गवताच्या भिंतींची एक खोपटी होती, पक्ष्यांना न दिसता बसायची. तिला तळ्यावर लपण म्हणत. काकूंचं म्हणणं रास्त होतं. हळूकाका खुशीत दुसऱ्या दिवशी जागा बघून यायला गेले आणि लपणाच्या बाकावर बसल्यावर त्यांची खुशी उतरली.

निवृत्त झाल्यापासून ते आत गेले नव्हते. फाटकाशी नवी राखणदारीण होती. कडक बाई. तिनं त्यांना ओळखलं, मान लववून आत सोडलं आणि ओठांवर बोट ठेवून वाटेला लावलं, ते त्यांना फार आवडलं होतं. पण लपणात बसल्यावर ऐकू काय येत होतं? धाड. मग थोडी उसंत. मग धाड. रस्ता आता तळ्याच्या टोकावरून पुलानं पलीकडे जाणार होता आणि पुलाचे खांब जमिनीत ठोकणं चाललं होतं. त्या ठोक्याखाली जनित्राची अखंड घरघर. बदकं समोर होती, चोची हलत होत्या, पण आवाज तोंडाशीच विरत होता. काकूंना आजवर तळं जसं भासलं असेल, ते आज पहिल्यांदा त्यांना कळलं.

असं तिला इथं आणलं, यंत्र चालू केलं, आणि तिनं हेच ऐकलं तर? ती काही म्हणणार नाही. बरं झालं, म्हणेल. आणि मग जन्मभर तेच खरं धरून चालेल.

म्हणून हळूकाका पुलावर गेले. आयुष्यभर त्यांनी माणसांना गप्प केलं होतं, यंत्राला गप्प करायची वेळ पहिलीच. कामावरच्या रखवालदाराला त्यांनी मुकादम कुठं आहे ते विचारलं. रखवालदाराला वाटलं म्हाताऱ्याचा आवाज बसलाय. त्यानं पाणी आणून दिलं. एका इंजिनिअर मुलाला वाटलं तक्रार आहे. त्यानं परवानगीचे कागद काढून दाखवले. हळूकाका त्या दणदणाटात उभे राहून त्यांच्या त्या वाऱ्यासारख्या आवाजात सांगत होते आणि समोरचे कानांमागे हात धरून थकत होते. तेवढ्यात खांबाच्या यंत्रावरून एक दांडगा माणूस उतरून आला. हा मुकादम. त्यानं हळूकाकांचे खांदे धरून त्यांना उजेडाकडे वळवलं.

"काका, तोंड इकडं करा फक्त," तो म्हणाला. "आवाजाचं काही नडत नाही."

त्याचे कान त्या धंद्यानं कधीच नेले होते. यंत्राखाली काम करणारे सगळे असेच बोलत, ओठांनी. हळूकाकांनी सगळं सांगितलं आणि मुकादमाला एकही शब्द पुन्हा विचारावा लागला नाही. एकानं जन्मभर आवाज टाळला, एकानं जन्मभर आवाज केला, आणि दोघं येऊन पोचले एकाच ठिकाणी. मुकादमाला काकूंचं दुःख तर पटलंच, पण जास्त पटलं ते न ऐकता हो म्हणणं. तो म्हणाला की त्याच्या घरीही तो तेच करतो, फक्त बायकोला अजून कळलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद असतं, उद्या जनित्रही बंद ठेवतो, त्यानं कबूल केलं. तेवढ्यात काय ऐकायचं ते ऐकून घ्या.

हळूकाका तरंगतच घरी आले. आणि त्या तरंगण्यात त्यांच्या हातून एक अशी चूक झाली की ती सहलीतल्या तिसरीतल्या पोरानंही केली नसती. आपणच हजार वेळा सांगितलेली गोष्ट ते विसरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं लपणात जाऊन बसले. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती. पुलावरचे ठोके चालूच होते. काकू शांत होत्या, त्यांना काय त्याचं. त्या बाकावरून हात फिरवत होत्या, गवताच्या भिंतीतून डोकावत होत्या. मुलगा लहान असताना त्याला घेऊन त्या इथं एकदा आल्या होत्या आणि त्यानं शिंकायला तोंड उघडलं तेव्हा हळूकाकांनी त्याचं नाक धरलं होतं, त्याची आठवण काढून त्या हसल्या. पहिल्या साहेबांची टोपी पाण्यात पडली आणि तिच्यात पाणकोंबडीनं घरटं करावं म्हणून साहेबांनी ती काढूच दिली नाही, तेही आठवलं. हळूकाका हो हो करत होते, पण लक्ष पुलाकडे. शेवटचा ठोका पडला. मग जनित्र आचके देत बंद पडलं. त्यांनी काकूंच्या हातावर हात ठेवला आणि मान डोलावली.

काकूंनी एक यंत्र चालू केलं, मग दुसरं. डोळे मिटले.

तळं निपचित पडलं होतं.

ऊन डोक्यावर आलं की पक्षी पंखात चोच खुपसून लवंडतात, त्यांचीही जेवणाची सुट्टी तीच. पोरांनो, पक्षी बघायचे तर सकाळी या नाहीतर संध्याकाळी, दुपारी येऊन काय करणार, असं हळूकाका प्रत्येक सहलीला सांगत आले होते. समोर पाणकणसाच्या सावलीत शेकड्यांनी बदकं होती, सवय नसलेल्या नजरेला मातीची ढेकळं वाटावीत अशी. सगळी झोपली होती. टिटवी एका पायावर दगडासारखी. पानसुद्धा हलत नव्हतं. अशी शांतता हळूकाकांना त्यांच्या सबंध नोकरीत जमवता आली नव्हती.

काकूंनी डोळे उघडले. एका यंत्राला बोटानं टिचकी मारली. टिचकी त्यांना ऐकू आली असावी, कारण त्या दचकल्या. म्हणजे यंत्र चालू होतं. त्या पुन्हा ऐकत बसल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर थोपटलं, अगदी समजूतदारपणे, आणि त्यांच्या तोंडावर ते जुनं हसू आलं. आता ती "बरं झालं" म्हणणार, हे हळूकाकांना ओठ हलायच्या आत कळलं. तो सराव दोघांनाही होता.

हळूकाका उठले. लपणाच्या दारातून बाहेर आले, पाणकणीस दोन्ही हातांनी बाजूला सारलं आणि पाण्याच्या काठाशी जाऊन उभे राहिले. काय करतोय ते त्यांना पुरतं माहीत होतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"उठा!" ते ओरडले. "उठा रे, उठा!"

आवाज पहिल्यांदा फाटका आला, गंजलेल्या फाटकासारखा. दुसऱ्यांदा तो मोकळा झाला आणि पार पलीकडच्या काठापर्यंत गेला. क्षणभर काही झालं नाही. मग सगळं तळं एकदम उठलं. बदकं पाणी फोडत वर निघाली, शिळांवर शिळा, टिटवीनं शिव्यांची लाखोली वाहिली, पाणकोंबड्या किंचाळत गवतात पळाल्या, आणि पाणकावळे, जे सहसा तोंड उघडत नाहीत, तेही घोगरं काहीतरी बोलून गेले. पंखांचाच एवढा आवाज होता की हळूकाकांना स्वतःचा श्वास ऐकू येईना. थवा डोक्यावरून एक वळसा घेऊन गेला, मग दुसरा.

ते मागे वळले तेव्हा काकू लपणाच्या दारात ताठ उभ्या होत्या. एक हात छातीवर, एक कानावर. वर बघत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"होते की," त्या म्हणाल्या. "सगळे होते."

"होते," हळूकाका म्हणाले. ते नेहमीसारखं कुजबुजायला गेले, पण घसा एकदा उघडला तो मिटेना.

वाटेवरून राखणदारीण धावत आली. तळ्यावर धावायचं नसतं, पण तळ्यावर असं काही घडतही नसतं. ओरडलं कोण, तिनं विचारलं, कोणी बाहेरचं आत शिरलंय का? हळूकाकांनी सांगितलं, मीच ओरडलो, विणीचा हंगाम नाही, उतरतील पुन्हा. तिचा विश्वास बसेना. ती एकदा त्यांच्याकडे, एकदा आभाळाकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली की काका, तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर मी बाहेर काढलं असतं. हळूकाका म्हणाले की मीही काढलं असतं, आणि आम्ही निघतोच आहोत. ती पाठमोरी झाली तेव्हा मान हलवत होती.

ते बाकावर परत येऊन बसले. बदकं दुरून एकेक करून पाण्यावर घसरत उतरू लागली होती, अजून कुरकुरत. काकू प्रत्येक आवाजाला मान वळवत होत्या. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, जरा नवख्या माणसाकडे बघावं तसं.

"तुमचा आवाज," त्या म्हणाल्या, "अगदी मामंजींचा आहे हो."

हळूकाकांचे वडील जाऊन जमाना झाला होता. ते मोठ्या आवाजाचे गृहस्थ होते आणि काकूंचं सासर-माहेर दोन्ही त्यांच्या आवाजाला टरकून असे.

"आपल्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते असेच पहाटे दारात येऊन ओरडले होते, उठा म्हणून. मी आत्ता ऐकलं आणि उठूनच उभी राहिले. म्हटलं, चूल पेटवायची राहिली."

काकू हसायला लागल्या आणि हळूकाकाही हसले, आणि त्यांना स्वतःचं हसू ऐकून गंमत वाटली, कारण ते त्यांनी खूप वर्षांत ऐकलं नव्हतं. पुलावर जनित्र पुन्हा सुरू झालं. मुकादमानं कबूल केल्यापेक्षा जास्त वेळ दिला होता. मग पहिला ठोका पडला. काकूंनी विचारलं, हे काय आहे? हळूकाकांनी सांगितलं, पूल होतोय. काकूंनी तो ठोकाही थोडा वेळ लक्ष देऊन ऐकला, नव्यानं आलेल्या पाखराचा आवाज ऐकावा तसा, आणि कानातली यंत्रं मात्र बंद केली नाहीत.

"बरं, तो मामंजींचा झाला," त्या म्हणाल्या. "आता तुमचा काढा."

हळूकाकांनी घसा खाकरला. काय बोलावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी संध्याकाळी पाटावर बसून सांगत तसं सांगायला सुरुवात केली, की आज तळ्यावर काय झालं. ठोक्यांच्या वर आवाज चढवत, सुरुवातीपासून. आणि काकूंनी त्यांच्या तोंडाकडे न बघता, पाण्याकडे बघत ते ऐकलं.